आत्ती, दुकानाला दोन वर्षं दिलीत ना?

“बाळ दूध पितंय, पण बाळसं धरंना बघा.” खानापूर असो, निपाणी असो, बाळंतिणींच्या घरी भेटीला गेले की हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी माझ्या कानावर पडतंच.

वडगावातलं एक घर सांगते (ओळख पटू नये इतपत तपशील बदललाय). मुलगी तीन महिन्यांची. सून मान खाली घालून बसलेली, बोलत होत्या सासूबाई, म्हणजे आत्ती. शेजारणीचा नातू कसा गुबगुबीत, हिच्याच दुधात कस नाही, पावडरचं दूध सुरू करू काय? मी अंगणवाडीतला वाढीचा तक्ता मागितला. जन्माचं वजन २.६ किलो, आता ४.९. रेषा मधल्या रेषेच्या खाली, पण दर महिन्याला वर चढणारी. दिवसाला सात-आठ लंगोट ओले. मी सगळं समजावलं, दोघींनी ऐकलं, पटलं कुणालाच नाही. तक्ता दाखवून काळजी गेलेलं घर मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून मी आकड्यांपेक्षा घरातल्या बोलण्याकडे कान देते.

तिसऱ्या भेटीत सासूबाईंकडे सहज त्यांच्या मुलाची चौकशी केली.

“साडीचं दुकान घातलंय. दोन वर्षं झाली, आता कुठं बाळसं धरूलालंय.”

“आत्ती, दुकानाला दोन वर्षं दिलीत. नातीला तीनच महिने?”

त्या गप्प. मग पदर तोंडाला लावून हसल्या. सुनेनं पहिल्यांदा मान वर केली, आणि रडली.

मला त्या दिवशी आपल्याच भाषेतलं एक क्रियापद नव्यानं दिसलं. बाळसं ‘धरतात’. ते धरायचं बाळानंच. आपण दूध द्यायचं, वाट बघायची. सहा महिने आईचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नको. मधाचं बोट तर वर्षभर नाहीच. मात्र दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून आलं नाही, रेषा आडवी झाली, लंगोट कमी ओले व्हायला लागले किंवा बाळ मलूल पडलं, तर माझ्याकडे नको, थेट बालरोगतज्ज्ञांकडे.

नवव्या महिन्यात सुनेचा फोन आला. मुलगी घरभर रांगतेय आणि आत्ती म्हणतात, बाळसं उतरलं! रांगायला लागलं की ते उतरायचंच.

“फोन आत्तींकडं द्या,” मी म्हणाले.