‘नामधारी’ राष्ट्रपती आणि ‘अधिकार’ या शब्दाची हद्द

उदगीरच्या एका शिक्षकांनी विचारले आहे की, नागरिकशास्त्राच्या तासाला राष्ट्रपतींना ‘नामधारी प्रमुख’ म्हटले की मुले त्याचा अर्थ ‘नावापुरते’ असा घेतात. तर ‘नामधारी’ आणि ‘नाममात्र’ हे शब्द एकच समजावेत काय, आणि राष्ट्रपतींना अधिकार आहेत असे शिकवावे की नाहीत असे?

प्रश्नाचा उत्तरार्ध आधी घेतो, कारण घोटाळ्याचे मूळ तिथे आहे. ‘राष्ट्रपती’तल्या ‘पती’वर मी शब्द खर्च करणार नाही. तो सेनापती आणि कुलपती यांच्यातला पती आहे, आणि २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्यावर भरपूर शाई सांडून झाली आहे. मला खटकतो तो ‘अधिकार’ या शब्दाचा अलीकडचा वापर. बातम्या देणारी मंडळी ऊठसूट ‘मूलभूत अधिकार’ म्हणतात, जणू आपल्याकडे शब्दच नव्हता. संविधानाच्या मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’ असे स्वच्छ छापलेले आहे. ‘अधिकार’ हा तिथे हिंदीचा शब्द. हिंदीत हक्काला अधिकार म्हणतात आणि आपण ज्याला अधिकार म्हणतो त्याला शक्ती म्हणतात. ‘माहितीचा अधिकार’ तर कायद्याच्या नावातच जाऊन बसला, त्यामुळे तिथे नाइलाज आहे. पण २०१५ साली याच राज्याने ‘लोकसेवा हक्क अधिनियम’ केला, म्हणजे मंत्रालयात कोणाला तरी फरक ठाऊक होता.

फरक असा की हक्क माणसाचा असतो आणि अधिकार खुर्चीचा. वडिलांच्या जमिनीत मुलीचा हक्क असतो. त्या जमिनीची फेरफार नोंद प्रमाणित करण्याचा मंडळ अधिकाऱ्याला अधिकार असतो. हक्क वापरावा, न वापरावा, सोडूनही द्यावा. हक्कसोडपत्र नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे रोज माणसे उभी असतात, पण अधिकारसोडपत्र नावाचा कागद अजून कोणी पाहिलेला नाही. हा भेद पुसला गेल्यामुळेच ‘राष्ट्रपतींना अधिकार आहेत’ हे वाक्य ऐकणाऱ्याला वाटते की ते मनात येईल ते करू शकतात, आणि तसे होताना दिसले नाही की तोच माणूस ‘मग रबरी शिक्काच की’ म्हणून मोकळा होतो.

आता ज्यासाठी मी लेखणी उचलली ते सांगतो. ‘अधिकार’ म्हणजे अधि आणि कृ, वर ठेवणे, शिरोभागी ठेवणे. गीतेतला अधिकार सर्वांना पाठ आहे, तो सोडतो. खरी गंमत संस्कृत व्याकरणकार पाणिनीकडे आहे. त्याच्या अष्टाध्यायी या सूत्रग्रंथात ‘अधिकारसूत्र’ नावाचा एक प्रकार आहे. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी ‘प्रत्ययः’ एवढे एकच पद असलेले सूत्र येते. त्या जागी ते सूत्र काहीही करीत नाही. कोणताही शब्द घडवीत नाही, कोणतेही अक्षर बदलीत नाही. मात्र तिथून पाचव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत जी सूत्रे येतात त्यांत ते अध्याहृत, म्हणजे न लिहिताही गृहीत, राहते, आणि त्याच्याशिवाय त्या सूत्रांनी सांगितलेली गोष्ट ‘प्रत्यय’ ठरत नाही. स्वतः कार्य न करता पुढच्या प्रत्येक कार्यात उपस्थित राहणे, याला व्याकरणात अधिकार म्हणतात.

संविधानाचा ५३ वा अनुच्छेद संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी ठेवतो, ७४ वा त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायला सांगतो, आणि ७७ वा म्हणतो की केंद्र सरकारची प्रत्येक कार्यकारी कृती राष्ट्रपतींच्या नावाने व्यक्त व्हावी. याहून नेमके अधिकारसूत्र पाणिनीलाही लिहिता आले नसते. शिक्षकांना याचे राज्यातले रूप रोज दिसते. बदलीचा असो की शालेय पोषण आहाराचा, शासन निर्णयाच्या तळाशी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ असते आणि तिच्याखाली सही असते अवर सचिवांची किंवा कक्ष अधिकाऱ्यांची. राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. तरी ती ओळ गाळून बघा, आणि तो आदेश कोणाचा, हे सांगा.

काही विद्वान म्हणतात की मराठी पाठात अधिकाराऐवजी हिंदीप्रमाणे ‘शक्ती’ हवी होती, कारण ती अधिक काटेकोर आहे. मला हे मुळीच पटत नाही. शक्तीला हद्द नसते, ती संपते तिथे संपते. अधिकाराला मात्र हद्द हा त्याचा अवयवच असतो. पाणिनी ‘प्राक्’ किंवा ‘आ’ असे पद घालून अमुक सूत्रापर्यंतच हा अधिकार, असे सूत्रातच सांगून टाकतो. १२३ व्या अनुच्छेदाखालचा अध्यादेश संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी गतप्राण होतो. ३५६ खालची राष्ट्रपती राजवटीची उद्घोषणा संसदेने मान्य न केल्यास दोन महिन्यांत संपते. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींना बंधनकारक आहे हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लिहून ठेवले, आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. ही ‘एकदा’ची मुभा कागदावरची नाही. के. आर. नारायणन यांनी १९९७ साली उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. १११ व्या अनुच्छेदात विधेयकांसाठीही अशीच सोय आहे. अब्दुल कलाम यांनी २००६ साली लाभाच्या पदांचे विधेयक परत पाठवले, संसदेने ते पुन्हा संमत केले, आणि कलामांना सही करावी लागली. अधिकार होता, हद्दही होती.

हद्दीची खूण पुसली गेली तर काय होते, हेही पाणिनीच्या परंपरेने पाहिले आहे. ‘स्वरितेनाधिकारः’ असा नियम आहे, म्हणजे अधिकार स्वरित नावाच्या विशिष्ट स्वरातल्या उच्चाराने ओळखायचा. पण पाठांतराच्या ओघात ते स्वरित गळाले आणि कोणता अधिकार कुठवर, हे टीकाकारांना सांगत बसावे लागले. १११ व्या अनुच्छेदात संमती किती दिवसांत द्यावी याची खूण मुळातच नाही. म्हणून १९८६ च्या टपाल दुरुस्ती विधेयकाला तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी संमतीही दिली नाही आणि ते परतही पाठवले नाही. राज्यपालांनी राखून ठेवलेल्या विधेयकांबाबत एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने राष्ट्रपतींना तीन महिन्यांची मुदत घालून दिली. राष्ट्रपतींनी १४३ व्या अनुच्छेदाखाली न्यायालयाचेच मत मागितले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने अशी मुदत न्यायालयाला घालता येत नाही असे मत दिले. टीकाकारांचे मतभेद हे असे असतात.

एके काळी निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या मराठवाड्यात हा विषय समजायला आणखी एक अडसर आहे, तो म्हणजे ‘फर्मान’. हा फारसी शब्द हुकूम देणाऱ्या व्यक्तीला चिकटलेला आहे; त्याला हद्द नाही. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी २३ नोव्हेंबर १९४९ रोजी फर्मान काढूनच भारताचे संविधान हैदराबादसाठी स्वीकारले, आणि २६ जानेवारी १९५० पासून तेच गृहस्थ १९५६ पर्यंत राजप्रमुख, म्हणजे राज्यपालांसारखे घटनात्मक प्रमुख, म्हणून मंत्र्यांच्या सल्ल्याने सह्या करीत राहिले. माणूस तोच, फर्मान जाऊन अधिकार आला. तरीही ‘राष्ट्रपतींचा आदेश’ म्हटले की आपल्या कानाला फर्मानच ऐकू येते. १९९४ साली संविधानाच्या ३७१(२) अनुच्छेदाखाली राष्ट्रपतींनी काढलेला आदेश पाहा. त्याने मराठवाड्याला एक रुपयाही थेट दिला नाही. राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकली, तिच्यातून विकास मंडळ आले, आणि ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपताच मंडळ थांबले. सूत्रामागून सूत्रात उतरत जाण्याला वैयाकरण अनुवृत्ती म्हणतात, आणि ती जिथे तुटते तिथे तुटतेच.

राहिला ‘नामधारी’. जटाधारी म्हणजे जटा धारण करणारा, तसा नामधारी म्हणजे नाव धारण करणारा. ‘मात्र’मधला ‘फक्त’ त्यात नाही. रूढीने दोन्हींना एका दावणीला बांधले, हे खरे. पण ७७ व्या अनुच्छेदाकडे पाहता, ज्यांच्या नावाने सगळा कारभार चालतो त्यांना नामधारी म्हणणे मला योग्यच वाटते, आणि नाममात्र म्हणणे चूक. परीक्षेत मुलांनी ‘राष्ट्रपतींना अधिकार आहेत, ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचे असतात’ असे लिहिले तर पूर्ण गुण द्यावेत. ‘हक्क आहेत’ असे लिहिले तर मी अर्धा गुण कापीन.