असईचा वेलस्ली मूळ कुठल्या गावचा?

प्रश्न : २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांशी लढलेल्या आर्थर वेलस्लीचं आडनाव पैठणकर, परळीकर यांसारखं गावावरून आलं आहे का? असं इंग्रजी आडनाव ओळखायचं कसं?
— एक वाचक, भोकरदन

उत्तर : हो, गावावरूनच. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात वेल्स नावाचं शहर आहे (वेल्स देश निराळा, मराठीत दोन्ही सारखेच लिहितो, म्हणून घोटाळा होतो). त्याच्याजवळची वेलस्ली ही लहानशी वस्ती. आजच्या इंग्रजीवरून 'वेल' म्हणजे विहीर वाटते, पण जुन्या इंग्रजीत हा शब्द झऱ्यासाठीही होता. वेल्सचं नाव अशाच झऱ्यांवरून पडलं. ते झरे तिथल्या बिशपच्या वाड्याच्या बागेत आजही जमिनीतून उसळतात आणि पाणी पेठेतल्या रस्त्याच्या कडेने वाहतं. 'ली' म्हणजे रानातली मोकळी जागा.

गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लागत नाही. पैठणकर हा पैठण सोडल्यावरच होतो, तिकडेही तसंच. नॉर्मन काळात, म्हणजे फ्रान्सहून आलेल्या राजांच्या अमलात, 'दे वेलस्ली', म्हणजे वेलस्लीचा, असं लिहीत. पुढे 'दे' गळाला. आपला 'कर' मात्र टिकला.

आता महत्त्वाचं. आडनावावरून रक्ताचं नातं ठरवू नका. आर्थरचे आजोबा जन्माने कॉली. वेस्ली घराण्यातल्या नातेवाइकाची आयर्लंडमधली जहागीर मिळाली, तेव्हा १७२८ मध्ये त्यांनी वेस्ली हे आडनाव घेतलं. वेस्ली हे वेलस्लीचंच आखूड रूप. आर्थरही १७६९ मध्ये वेस्ली म्हणूनच जन्मला. वेलस्ली अशी सही तो १७९८ पासून करू लागला. पुढे तो ज्या नावाने ओळखला गेला ते वेलिंग्टन हे तर आडनावच नव्हे, १८०९ चा किताब. तो स्पेनमध्ये लढाईत गुंतलेला असताना भावाने वेलस्लीशी जुळणारं सॉमरसेटमधलंच एक गाव निवडलं.

ओळखताना आधी शेवट बघा. 'टन' म्हणजे शेतवाडी, वस्ती. 'बी' म्हणजे डॅनिश लोकांनी वसवलेलं गाव. 'फर्ड' म्हणजे नदीचा उतार, नदी पायी ओलांडता येते ती जागा. उताराशी गाव वसतं हे असईच्या दिवशी वेलस्लीच्याच कामी आलं. केळनेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच हे त्याने ताडलं आणि फौज तिथूनच पार केली.

मग सर्वांत जुनं लेखन शोधा. आजच्या स्पेलिंगवरून अर्थ लावला की हमखास फसगत होते. वॉशिंग्टनचा धुण्याशी काही संबंध नाही. जुन्या कागदांत ते 'वेसिंग्टन' असं येतं आणि एका माणसाच्या नावावरून पडलेलं आहे. गावांची जुनी नावं १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत मिळतात, पण इंग्लंडच्या अगदी उत्तरेकडचा भाग तीत नाही.

सटन, म्हणजे दक्षिणेची वस्ती, या नावाची गावं तिकडे डझनावारी आहेत. पिंपळगावकर भेटला की आपण 'कोणतं पिंपळगाव?' विचारतो, तेच इथे विचारायचं. १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेत ते आडनाव कोणत्या परगण्यात दाटलेलं आहे ते पाहा आणि तिथल्या चर्चच्या नोंदींतून एकेक पिढी मागे जा.