डीएपी नाही, ॲसिड महाग आणि "रॅक लागली की या"

मृग तोंडावर आला आणि कृषी केंद्रवाला म्हणतो बाहेर ॲसिड महाग झालं म्हणून डीएपी (नत्र आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारं खत) नाही, ही थाप आहे का, असं तुम्ही विचारलं. भाऊ, आमच्याकडेही हेच झालं होतं म्हणून जरा लांबलचक लिहितो. मी शेतकरी आहे, खत कंपनीचा माणूस नाही, तेवढं धरून वाचा.

ॲसिडची गोष्ट खरी आहे. डीएपीला फॉस्फोरिक ॲसिड लागतं, ते बनवायला रॉक फॉस्फेट आणि सल्फ्युरिक ॲसिड, आणि सल्फ्युरिक ॲसिड बहुतेक गंधकापासून. जगातलं निम्म्याहून जास्त सल्फ्युरिक ॲसिड खतातच जातं. पण गंधक निघतो तेल-गॅस शुद्ध करताना, म्हणजे खताची मागणी वाढली म्हणून तो वाढत नाही, वरून इंडोनेशियात निकेल काढायलाही आता तोच लागतो. आपण फॉस्फोरिक ॲसिड मोरोक्को, जॉर्डन, सेनेगलहून आणतो, आणि चीननं 2021 पासून फॉस्फेटच्या निर्यातीला लगाम घातला. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारनं डीएपीच्या गोणीमागं सबसिडी 500 वरून 1200 रुपये केली म्हणून आपल्याला झळ कमी लागली. पण गोणीचा भाव बांधलेला असला की बाहेरची महागाई भावात दिसत नाही, दुकानात मालच दिसत नाही.

सोबत अमुक बाटली घ्या तरच डीएपी, याचा मात्र ॲसिडशी काडीचा संबंध नाही. हे लिंकिंग आहे, म्हणजे एका मालासोबत दुसरा गळ्यात मारणं. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्याच, तोंडी सांगून काही होत नाही.

आमचं खरं नुकसान एका कार्यालयानं केलं, नाव लिहीत नाही. गेलं की एकच उत्तर, रॅक (खताची मालगाडी) लागली की माल येईल, थांबा. तिथल्याच फळ्यावर खडूनं डीएपीपुढं शून्य आणि खालच्या ओळीत सिंगल सुपरचा (सिंगल सुपर फॉस्फेट, हेही स्फुरदाचंच खत) साठा लिहिलेला, पण तो घेऊन पेरा असं एका शब्दानं कोणी बोललं नाही! वावरातली ओल गेली, पेरा लांबला, आणि सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी पावसानं दडी मारली. अजून राग येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, डीएपीसाठी ओल घालवू नका. सिंगल सुपरच्या 3 गोण्या आणि 20 किलो युरिया म्हणजे जवळपास 1 गोणी डीएपी. सुपरलाही सल्फ्युरिक ॲसिड लागतंच, पण फॉस्फोरिक लागत नाही आणि ते आपल्या देशातच बनतं. त्यात 11 टक्के गंधक असतो, सोयाबीनला तो पाहिजेच. गोण्या तिप्पट वाहाव्या लागतात, मजुरी वाढते, हे खरं. माती परीक्षणात स्फुरद भरपूर आला असेल तर तेवढंही टाकायची गरज नाही, कृषी सहायकाला (आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात) रिपोर्ट दाखवून ठरवा.

आणि सुपर अन् युरिया आदल्या रात्री मिसळून ठेवू नका, पाणी सुटून गोळे होतात आणि पेरणी यंत्राच्या नळ्या चोक होतात. दाणेदार सुपर घ्या आणि मिसळायचंच तर पेरायच्या वेळी वावरात मिसळा.