मागवले एक, आले दुसरेच

चवथीची खरेदी झाली की चुकीच्या पार्सलांविषयीची पत्रे वाढतात. त्यांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

चवथीसाठी पितळी समयांची जोडी ऑनलाइन मागवली होती. खोक्यातून स्टीलच्या डब्यांचा संच निघाला. कंपनी म्हणते, सील तुटले आहे. परत पाठवायचेच असेल तर कुरिअरचा खर्च तुम्ही करा. हे बरोबर आहे का? (डिचोली)

नाही. सील तोडल्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसे? 1930 च्या मालविक्री कायद्याचे कलम 41 ग्राहकाला माल तपासून पाहण्याची वाजवी संधी देते. खोके उघडले म्हणजे माल स्वीकारला असे होत नाही. कुरिअरच्या खर्चाचे उत्तर कलम 43 मध्ये आहे. ठरलेला माल न आल्यामुळे तुम्ही तो नाकारलात, तर तो विक्रेत्याकडे पोचवण्याचे बंधन तुमच्यावर नाही. खरेदीच्या वेळी वेगळे काही ठरले नसेल, तर ‘हा माल मला मान्य नाही’ एवढे कळवणे पुरेसे आहे. घेऊन जाणे हे त्यांचे काम.

मात्र गप्प बसू नका. बरेच ग्राहक हक्काची बाजू इथेच घालवतात. वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, किंवा ‘आलेच आहेत तर’ म्हणून डब्यांत तांदूळ भरले, की कलम 42 प्रमाणे तुम्ही माल स्वीकारला असे धरले जाते. डबे होते तसे खोक्यात ठेवा. पार्सलवरच्या लेबलचा फोटो काढा. त्यावर वजन छापलेले असेल तर तो मोठाच पुरावा, कारण पितळी समयांचे वजन आणि डब्यांचे वजन एक येणार नाही.

मग ॲपवरच्या चॅटमध्ये न अडकता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम 2020 पासून लागू आहेत. त्यांनुसार या अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. सांगितलेली तारीख उलटून आलेल्या मालालाही हा नियम लागू आहे. अपवाद फक्त विक्रेत्याच्या हाताबाहेरच्या कारणांचा. म्हणून त्यांनी समया चवथ झाल्यावर पाठवायची तयारी दाखवली, तर त्या घ्यायच्या की पैसे मागायचे हे तुम्ही ठरवा. त्यांच्या ‘कूपन देतो’ला हो म्हणायची गरज नाही.

बाजारातल्या दुकानात 750 वॅटचा मिक्सर पसंत केला. घरपोच आला तो 500 वॅटचा. बिलावर 750 च लिहिले आहे. दुकानदार बिलावरची ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ दाखवतो. (म्हापसा)

ती ओळ इथे त्याच्या कामाची नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘दोष’ म्हणजे फक्त बिघाड नव्हे. विक्रेत्याने जो दर्जा किंवा क्षमता सांगितली त्यात कमी पडणे हाही दोषच. असा माल परत घेऊन बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, पैसे न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तुमच्याकडे बिल आहे, त्यावर 750 लिहिलेले आहे. बाजू भक्कम आहे. एक मात्र सांगतो: माल बरोबर आला आणि नंतर नुसता मनातून उतरला, तर हा हक्क मिळत नाही.

मोबाइलचे कव्हर मागवले होते, पार्सलमध्ये महागडे हेडफोन आले. चूक त्यांची आहे, मग ते मी ठेवून घेऊ शकतो ना? (काणकोण)

नाही. काही देशांत न मागता आलेली वस्तू ठेवून घेता येते, त्यामुळे इंटरनेटवर वाचून हा समज पसरला असावा. आपल्याकडे 1872 च्या करार कायद्याचे कलम 72 स्पष्ट आहे: चुकून हाती आलेली वस्तू परत करायची. माहीत असून ती वापरली किंवा विकली, तर अप्रामाणिक अपहाराचा आरोपही येऊ शकतो. कंपनीला लेखी कळवा, न्यायला यायला ठरावीक मुदत द्या, तोवर वस्तू नीट सांभाळा. स्वतःच्या खर्चाने पाठवायची नाही. तुमचे कव्हर किंवा त्याचे पैसे मिळण्याचा हक्क यात कुठेही कमी होत नाही.

एकाऐवजी दोन कव्हरे आली असती तर एक ठेवून दुसरे नाकारता आले असते. दोन्ही ठेवली तर दोन्हींचे पैसे द्यावे लागतात.

घरी आई एकटी असताना कुणीही न मागवलेले पार्सल आले. तिने रोख 899 रुपये दिले. आत हलक्या प्रतीचे घड्याळ होते. (फोंडा)

ही चूक नसून बहुधा फसवणूकच आहे. लेबलवरचे पाठवणाऱ्याचे नाव आणि पार्सल क्रमांक घेऊन कुरिअर कंपनीकडे लेखी तक्रार करा, शिवाय पोलिसांकडेही. कुणी पैसे परत करतो म्हणून ओटीपी मागितला असेल, तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. आईला एवढेच सांगून ठेवा: घरात विचारल्याशिवाय रोख द्यायचे नाहीत. पार्सल परत पाठवले म्हणून कुणीही दंड लावू शकत नाही.

मी घरी शिवणकाम करते. बंगळूरच्या विक्रेत्याकडून शिवणयंत्र मागवले, दुसरेच मॉडेल आले. धंद्यासाठी घेतले म्हणून ग्राहक कायदा लागू नाही, असे तो सांगतो. केस करायला बंगळूरला जावे लागेल का? (केपे)

त्याचे म्हणणे अर्धवट आहे. व्यापारी हेतूने घेतलेला माल कायद्याबाहेर राहतो, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेले आणि स्वतः वापरलेले यंत्र व्यापारी हेतूत धरत नाहीत. तुम्ही ग्राहकच आहात.

बंगळूरलाही जायला नको. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तुमच्यासाठी मडगावचा दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोग. उत्तर गोव्याचा पर्वरीला आहे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. नाही मिटले तर ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. यंत्राच्या किमतीबरोबर, ते नसल्यामुळे जी शिलाई बुडाली तिची भरपाईही मागा आणि परत केलेल्या कामांची वही जोडा. मुदत दोन वर्षांची आहे. पण पुरावे ताजे आहेत तोवरच अर्ज करा.