मनातलं विचारा: गोळी आमटीतून द्यावी का?

प्रश्न: माझा धाकटा दीर २७ वर्षांचा. मुंबईत नोकरीला होता, मागच्या गणपतीला घरी आला तो परत गेलाच नाही. शेजारचे आपल्यावर पाळत ठेवतात, रात्री आपलं नाव घेऊन बोलतात, असं म्हणतो. सासूबाईंनी ग्रामदेवीला कौल लावला. गुरव म्हणाले, बाहेरचं आहे. आम्ही रत्नागिरीला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्यांनी झोप लागायला लागली, बोलणं ताळ्यावर आलं. मग 'अंग जड होतं' म्हणून त्याने गोळ्या टाकल्या. आता मी गोळी चुरून त्याच्या आमटीत घालते. हे चालेल का? आणि शॉक द्यावे लागतील का?
– एक वहिनी, गुहागर तालुका

उत्तर: ताई, आजपासून आमटीत गोळी घालू नका. तुमचा हेतू मला कळतो, असं करणाऱ्या बायका माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. पण लोक आपल्या वाईटावर आहेत, हेच तर त्याच्या मनाने घेतलंय. उद्या वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली की त्याचा संशय खरा ठरणार, आणि तोही तुमच्या हातून. मग तो घरातलं अन्नच सोडेल. शिवाय आमटी अर्धी टाकली तर गोळीही अर्धीच पोटात जाते, आणि काही गोळ्या चुरायच्या नसतातच.

त्याने गोळ्या का टाकल्या, हे तर त्याने सांगितलंच आहे. या औषधांनी काहींचे हात कापतात, अंग ताठतं, चालताना पाय ओढल्यासारखे होतात. तो उगाच कांगावा करत नाही. डॉक्टरांना नेमकं हेच सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं, ताठरपणावर वेगळी गोळी असते. रोज गोळी नकोच म्हणाला तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शनही आहे, पण ते त्याला सांगून, विचारून द्यायचं. आवाज खरे की खोटे, हा वाद घालू नका. "तुला ऐकू येतं, मला येत नाही. पण तुला झोप नाही हे मला दिसतंय," एवढं म्हणा. झोपेसाठी डॉक्टरकडे यायला माणूस लवकर तयार होतो. बरं वाटलं तरी औषध साधारण वर्ष-दोन वर्षं चालतं. कधी थांबवायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

कौलावरून सासूबाईंशी भांडू नका. माझ्याकडे अर्धे पेशंट देवळातून येतात, त्यात मला काही वावगं वाटत नाही. उलट औषधासाठीही कौल मागायला सांगा. उजवा मिळाला तर सासूबाई स्वतः गोळीची वेळ सांभाळतील. गाऱ्हाणं घाला, नारळ द्या. मात्र मारहाण, मिरचीची धुरी किंवा बांधून ठेवणं अजिबात नको. भूत उतरवायच्या नावाखाली असं करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मनोरुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

शॉकची पाळी बहुतेक येणार नाही. तीव्र आजारात, औषध लागू पडत नसेल किंवा माणूस जेवणपाणी सोडून स्वतःच्याच जिवावर उठला असेल, तर तो उपाय उपयोगी पडतो. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो द्यायला त्याच कायद्याने मनाई आहे. सिनेमात दाखवतात ते डोक्यातून काढून टाका.

आपल्याकडे 'रत्नागिरीला टाकला' असं कुत्सितपणे म्हणतात. तिथलं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं आहे. पण तिथे जाणं म्हणजे दाखल होणंच नव्हे, बाह्यरुग्ण म्हणून औषध घेऊन संध्याकाळी घरी येता येतं.

घरात त्याला नुसतं बसवून ठेवू नका. सुपारी सोलणं, रोपांना पाणी घालणं अशी कामं द्या. आंबे काढायला झाडावर मात्र इतक्यात चढवू नका, गोळीने सुस्ती येते. 'एवढा शिकला आणि घरी बसला' हे त्याच्या कानावर पडू देऊ नका. टोमण्यांनी हा आजार उलटतो. मरणाची भाषा केली तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, मोफत नंबरवर मराठीतून बोलता येतं.

पुढच्या खेपेला सासूबाईंनाही बरोबर न्या, आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते त्यांनाच विचारू द्या.