पिकअप चढाला ओढत नाही? टर्बो बदलण्याआधी हे बघ

भाऊ, केळी भरून लळिंगचा घाट चढताना गाडी दम टाकते, काळा धूर सोडते, म्हणून लगेच नव्या टर्बोचे पैसे मोजू नकोस. बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) कमी पडतो तेव्हा पुष्कळदा हवा कुठेतरी गळत असते.

इंजिन थंड झालं की टर्बो ते इंटरकूलर (ही हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इनटेकपर्यंतचे (हवा इंजिनात शिरते तिथपर्यंतचे) रबरी होज चाचपून बघ, खालच्या अंगानेही. होज वाकवूनच बघायचा. चीर एरवी मिटलेली असते, दाब आला की उघडते. क्लॅम्पच्या कडेला तेलकट डाग आणि त्यावर धूळ बसलेली दिसली की समज, गळती तिथेच. आत तेलाचा पातळ थर असतोच, त्याला घाबरू नकोस.

मग अ‍ॅक्च्युएटरची, म्हणजे टर्बोचा दाब कमीजास्त करणाऱ्या डबीची, बारीक नळी बघ. इंजिनच्या उष्णतेने ती कडक होऊन तडकते, आणि मिळते किरकोळ पैशात. एअर फिल्टरही झटकून बघ.

एवढं करूनही फरक नाही, तर इंजिन बंद ठेवून टर्बोचा शाफ्ट (आतली पाती बसलेला दांडा) बोटाने हलव. आडवा किंचित खेळ चालतो. मागेपुढे जाणवण्याइतका हलला किंवा पाती घासलेली दिसली, तरच टर्बो खोलायला दे.