टिअरड्रॉपचे दिवे मंद? लाकडातून करंट परत जात नाही

फोटो पाहिले. भिंती छान सरळ उभ्या राहिल्यात, आणि छताचा वरचा पत्रा अजून बसवलेला नाही हे तुमचं नशीब. हा प्रश्न पत्रा ठोकल्यावर विचारला असतात तर उत्तर द्यायला मलाच जिवावर आलं असतं.

तुमची अडचण मला अशी कळली. चार बाय आठ फुटांच्या फोल्डिंग ट्रेलरवर प्लायवूडची टिअरड्रॉप, म्हणजे आत झोपायची जागा आणि मागे झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा, अशी छोटी गाडी बांधली. ट्रेलरबरोबर आलेले मागचे लाल दिवे चासीवरून काढून लाकडी भिंतीवर बसवले. मित्राच्या जुन्या पिकअपला जोडून पाहिलं तर टेल लँप मंद, डावा इंडिकेटर जेमतेम धुगधुगतो, आणि ब्रेक दाबला की दिवा उजळायच्या ऐवजी विझतो. चासीवरचे पुढचे पिवळे मार्कर, म्हणजे ट्रेलरची कड दाखवणारे छोटे दिवे, मात्र ठणठणीत. वर असंही विचारलंय की आतले दिवे तपकिरी वायरवरून घेतले तर चालतील का.

चालणार नाहीत. पण ते पुढे. आधी ब्रेक दाबल्यावर विझणाऱ्या दिव्याचं बघू, कारण सगळा रोग त्या एका लक्षणात दिसतोय.

त्या दिव्यांच्या मागे हात घालून बघा. वायरी दोनच असतील, तपकिरी आणि पिवळी (उजवीकडे तपकिरी आणि हिरवी). पांढरी कुठेच नाही. ती पुढे चासीला एका स्क्रूने घट्ट करून तिथेच संपलेली असते. मग करंट परत जायचा कसा? दिव्याच्या मागे जे दोन बोल्ट आहेत ना, त्यांतून. बोल्ट लोखंडी चासीत कसलेले असतात तोवर सर्किट पूर्ण होतं. तुम्ही ते बोल्ट प्लायवूडमध्ये कसलेत. लाकडाला काय घेणंदेणं! टिअरड्रॉप बांधणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या माणसाची ही चूक होते, आणि दिवा पूर्ण बंद पडत नसल्यामुळे तो बल्ब बदलत बसतो.

आता ब्रेकचं कोडं. आत ११५७ नंबरचा बल्ब आहे, त्यात दोन फिलामेंट: टेलची साधारण ८ वॅटची, ब्रेक आणि इंडिकेटरची २७ वॅटची. दोघींचं परतीचं टोक एकच, बल्बची पितळी टोपी. ती टोपी चासीला किंवा परतीच्या वायरीला जोडलेली नसेल तर टेलचा करंट दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, पिवळ्या वायरने मागे जातो आणि पिकअपच्या डाव्या दिव्यातून स्वतःची वाट काढतो. दोन-तीन फिलामेंट एकामागोमाग लागल्यावर उजेड मंदच पडणार. आणि तुम्ही ब्रेक दाबलात की पिवळ्या वायरवरही बारा व्होल्ट येतात. दोन्ही टोकांना बारा, मध्ये फरक शून्य. दिवा विझला. इंडिकेटरही असाच बाकीच्या दिव्यांतून रस्ता शोधतो म्हणून धुगधुगतो. पुढचे मार्कर अजून चासीवरच आहेत, त्यामुळे त्यांना काही झालं नाही.

उपाय सरळ आहे. जोडणीपासून मागपर्यंत स्वतंत्र पांढरी वायर ओढा, १४ गेजची (गेज म्हणजे जाडीचा आकडा, तो लहान तितकी वायर जाड), आणि प्रत्येक दिव्याला तिचा फाटा द्या. मार्करलाही आणि नंबर प्लेटच्या दिव्यालासुद्धा. बोल्टवर विसंबलेल्या दिव्याला बोल्टच्या नटाखाली थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) घालून पांढरी वायर लावता येते, दिवा बदलायची गरज नाही. चासीलाही एका ठिकाणी जोडा, पण तिथला रंग ग्राइंडरने खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या, दातेरी वॉशर घाला आणि वरून ग्रीस चोपडा. मी मिशिगनमध्ये राहतो, इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. रंगावरून कसलेला स्क्रू इथे दोन हिवाळेही काढत नाही. हिचचा बॉल, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकवतो तो गोळा, करंट परत नेईल या आशेवर तर मुळीच राहू नका. त्यावर ग्रीस असतं, तो खडखडतो, आणि दिवे खड्ड्याच्या तालावर लागतात.

रंगांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण हे खास आपल्या लोकांचं दुखणं आहे. अमेरिकेत चार तारांच्या चपट्या जोडणीत पांढरी म्हणजे परतीची, तपकिरी टेल आणि मार्करची, पिवळी डावा इंडिकेटर-ब्रेक, हिरवी उजवा इंडिकेटर-ब्रेक. आपण वाढलो ते हिरवी म्हणजे अर्थिंग हे डोक्यात पक्कं करून. पहिल्या ट्रेलरच्या वेळी रात्री अकरा वाजता, हातात टॉर्च धरून, मी हिरवी वायर मोठ्या श्रद्धेने चासीला कसली. वर बायकोला म्हटलं, अर्थिंग केलं, आता काळजी नाही. डावा इंडिकेटर लागला, टेल लागले. उजवा दिला आणि गाडीच्या डिकीतून जळकट वास. कन्व्हर्टरची डबी, म्हणजे गाडीच्या आणि ट्रेलरच्या दिव्यांची जुळवणी करणारी, गेली. तेव्हापासून मी प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी टेपवर मराठीत लिहितो: ‘डावा’, ‘उजवा’, ‘टेल’, ‘परत’. तुम्हाला हसू येईल, पण रंगावर विश्वास ठेवण्यापेक्षा हे बरं. आणि आतल्या बॅटरीच्या सर्किटला मी लाल-काळ्याची जोडी वापरतो, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच भोकातून गेल्या तरी ओळखू येतात.

त्या डबीचा विषय निघालाच आहे तर: तुम्ही शेवटी ही ट्रेलर तुमच्या जपानी एसयूव्हीमागे ओढणार आहात. तिचे मागचे इंडिकेटर पिवळे आणि ब्रेकपासून वेगळे आहेत. ट्रेलरला ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल दिव्यात हवेत. त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर लागेल. बॅटरीवरून थेट पॉवर घेणारा घ्या, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वायरिंगवर ओझं पडत नाही. बॅटरीजवळ फ्यूज घालायला विसरू नका. मित्राच्या जुन्या पिकअपमध्ये ब्रेक-इंडिकेटर एकत्रच असल्याने तिथे हे लागलं नाही.

दिव्यांच्या जागेचं तुमचं चित्र पाहिलं. मागच्या झाकणावर दिवे बसवायचा विचार सोडून द्या. झाकण उघडलं की दिवे आभाळाकडे, आणि बिजागरीपाशी वायर रोज दुमडून दुमडून आतून तुटणार. शिवाय टिअरड्रॉपची पाठ गोल असते. एलईडीचा उजेड समोर सरळ पडतो, त्यामुळे वाकड्या पाठीवर दिवा बसवला तर मागच्या ड्रायव्हरपेक्षा झाडावरच्या पाखरांना तुमचा ब्रेक जास्त दिसेल. खाली चासीच्या मागच्या आडव्या पट्टीवर किंवा भिंतीच्या स्थिर भागावर, लाकडाचा पाचर कापून दिवा उभा राहील असा लावा. जमिनीपासून किमान १५ इंच उंची हवी, हा केंद्रीय नियम आहे. कमाल ७२, तिथवर तुम्ही पोहोचणार नाही. दोन्ही बाजूंना पुढे पिवळा आणि मागे लाल मार्कर, मागे लाल रिफ्लेक्टर, आणि नंबर प्लेटवर पांढरा उजेड. ट्रकच्या मागे वर तीन लाल दिवे ओळीत असतात ते तुम्हाला लागत नाहीत, ते ८० इंच किंवा त्याहून रुंद गाड्यांना. डावा दिवा नीट बघा, त्याच्या खालच्या अंगाला पारदर्शक काच आहे. तोच प्लेट उजळतो. उजव्या-डाव्याची अदलाबदल केलीत किंवा प्लेट लांब नेलीत तर अंधारात नंबर दिसणार नाही आणि पोलिसाला तुम्हाला थांबवायला आयतं कारण मिळेल.

जमलं तर हे बल्बचे दिवे काढून सीलबंद एलईडी लावाच. करंट कितीतरी कमी, थरथरीने फिलामेंट तुटायची भानगड नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: परतीची वायर खराब असेल तर एलईडीही असलेच खेळ करतो. दिवे बदलून परतीचा आजार जात नाही.

आता आतले दिवे. तपकिरी वायर गाडीचे पार्किंग लाइट चालू असतील तेव्हाच जिवंत असते. म्हणजे रात्री पुस्तक वाचायला गाडीचे दिवे लावून ठेवणार? सकाळी गाडी सुरू होणार नाही. पंखा-बिंखा लावलात तर कन्व्हर्टरही जाईल, आणि रस्त्यावर टेल लँपच बंद. रस्त्याचे दिवे एक घर, झोपायच्या खोलीचे दिवे दुसरं घर. दोघांत एकही वायर सामाईक नको.

आतल्यासाठी वेगळी बॅटरी घ्या. हिशेब असा करा: दोन वाचायचे दिवे आणि ओट्यावरची पट्टी मिळून १५ वॅट, तीन तास, म्हणजे ४५ वॅट-तास. छताचा पंखा हळू, समजा एक अँपिअर, आठ तास, शंभराच्या आसपास. दोन फोन, ३०. झाले पावणेदोनशे. ५० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ६४० वॅट-तासांची असते, तीन रात्री आरामात निघतात. छोटा फ्रिज घेतलात की हे गणित पार बदलतं, तेव्हा तो आधीच ठरवा. साधी लेड-ॲसिड घेणार असाल तर तिची निम्मीच ताकद वापरायची आणि ती झोपायच्या जागेबाहेर ठेवायची, चार्ज होताना हायड्रोजन सोडते. लिथियम उलट आत बरी, कारण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, आणि तुमच्या ओहायोत डिसेंबरमध्ये ट्रेलरच्या पुढच्या, बाहेरच्या पेटीत काय तापमान असेल ते मी सांगायला नको.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज, मग फ्यूजची पेटी, मग प्रत्येक फाट्याला आपला फ्यूज. फ्यूज वायरीसाठी असतो, दिव्यासाठी नाही: १४ गेजला १५ अँपिअर, १२ गेजला २०, त्याच्या वर जायचं नाही. पंखा तीन अँपिअर घेत असेल आणि वायर १५ फूट गेली असेल (येऊन-जाऊन ३०), तर १६ गेजमध्ये ०.३६ व्होल्ट गळतात. चालतंय. त्याच वायरीवर पुढे पंपही लटकवलात तर चालणार नाही. बारा व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून लोक बेफिकीर असतात, पण प्लायवूड आणि फोमच्या डब्यात झोपलेल्या माणसाला धोका आगीचा असतो.

छताबद्दल जरा बोलतो. तुम्ही निळा फोम भरणार आहात, तो पॉलिस्टायरिन आहे. पीव्हीसीची वायर वर्षानुवर्षं त्याला चिकटून राहिली की तिच्यातला मऊपणा फोम ओढून घेतो, आवरण कडक होतं आणि तडकतं. म्हणून वायरी उघड्या ठेवू नका, पन्हाळी नळीतून न्या. आडव्या पट्ट्यांना मधोमध भोकं पाडा, कडेला नाही, नाहीतर वरून ठोकलेला स्क्रू थेट वायरीत. एक रिकामी नळी आणि तिच्यात सुतळी सोडून ठेवा. दोन वर्षांनी तुम्हाला काहीतरी नवीन लावायचं सुचेलच, सगळ्यांना सुचतं. पत्रा ठोकण्याआधी प्रत्येक बाजूचा मोजपट्टी धरून फोटो काढा.

जोड शक्यतो भिंतीच्या आत नकोच. द्यावाच लागला तर आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी स्लीव्ह, नीट क्रिंप केलेली, ओढून पाहिलेली. ट्रेलरच्या पाकिटात निळे चिमटे येतात, चालू वायरीला चावा घेऊन फाटा देणारे. ते सरळ कचऱ्यात टाका. वायरीला जखम करतात आणि त्यातून पाणी तांब्यात झिरपत जातं, वायर सोललीत की आत हिरवी भुकटी. बाहेरच्या पत्र्याला मार्करसाठी पाडलेलं भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सीने बुजवा आणि मग त्यात हवं तेवढं भोक पाडा, म्हणजे प्लायवूडच्या कडा उघड्या राहत नाहीत. दिव्यामागे ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी), आणि वायर आत शिरण्याआधी खाली एक झोळ, पाणी तिथून ठिबकून जाईल.

आत रोषणाई फार करू नका, चार बाय आठची खोली आहे, गणपतीचं मखर नाही. ओट्यावर मात्र पिवळसर उजेडाची पट्टी लावा. पांढऱ्याला इतके किडे येतात की फोडणीत मोहरी कुठली आणि किडा कुठला ते कळत नाही.

पांढरी वायर ओढून झाली की गाडी न आणताच तपासा. ऋण टोक पांढऱ्याला (ट्रेलरच्या बाजूला झाकलेलं भोक आहे तेच), आणि धन टोक फ्यूज घातलेल्या वायरीने एकेका उघड्या पिनेला. मग ब्रेकचा दिवा चालू ठेवून मीटरचं एक टोक दिव्याच्या बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या ऋणावर धरा. ०.१ व्होल्ट किंवा कमी आलं तर पत्रा ठोका. ०.२ च्या वर आलं तर थांबा, आणि कुठल्या दिव्यापाशी किती आलं ते इथे लिहा.